ऑनलाइन आणि हायब्रिड वर्ग कसा चालवायचा: आठवड्याच्या आखणीपासून परीक्षेपर्यंत

वर्गात उभं राहून शिकवताना बऱ्याच गोष्टी आपल्याला फुकट मिळतात. मागच्या बाकावरची चुळबुळ, वहीवर थबकलेलं पेन, "कळलं का?" म्हटल्यावर खाली गेलेल्या माना. त्या बघून आपण वेग कमी करतो, उदाहरण बदलतो आणि आपण असं करतोय हे आपल्या लक्षातही येत नाही. पडद्यावर यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून नेहमीचं लेक्चर जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर दिलं की ते सपाट होतं. शिकवणारा तोच असतो, फक्त समोरून येणाऱ्या खुणा थांबलेल्या असतात. त्या मुद्दाम मागून घ्याव्या लागतात आणि मागायची सोय तास सुरू होण्याआधी करून ठेवावी लागते.

आधी आपला वर्ग नेमका कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा, कारण सल्ला त्यावर बदलतो. काही वर्ग पूर्ण ऑनलाइन असतात. बाकीचे हायब्रिड, म्हणजे मिश्र: काहींमध्ये आठवड्यातले काही तास खोलीत आणि काही पडद्यावर, पण सगळे विद्यार्थी एका वेळी एकाच ठिकाणी असतात. तिसऱ्या प्रकारात निम्मी मुलं समोर आणि निम्मी त्याच क्षणी पडद्यावर असतात. याचंच पुढचं रूप म्हणजे हायफ्लेक्स. प्रत्यक्ष, थेट ऑनलाइन की नंतर रेकॉर्डिंग, यातलं काय हवं ते विद्यार्थ्याने दर तासाला स्वतः निवडायचं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत ब्रायन बीटी यांनी २००६ च्या सुमारास ही पद्धत रुजवली. माझं स्पष्ट मत: निवड तुमच्या हातात असेल तर एकाच वेळी दोन्हीकडे शिकवण्याच्या फंदात पडू नका. दुसरा प्रकार शिकवणाऱ्याला झेपतो आणि विद्यार्थ्यांनाही बरा पडतो. तिसरा गळ्यात पडलाच असेल, तर त्याच्यासाठी खाली वेगळा भाग आहे.

पायरी १: एकत्र वेळेत काय करायचं ते निवडा

आठवड्याचा मजकूर समोर घ्या आणि प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारा: हे विद्यार्थ्याने एकट्याने, सोयीच्या वेळी केलं तर काय बिघडेल? व्याख्या, सूत्राची सिद्धता, ऐतिहासिक पार्श्वभूमी, सॉफ्टवेअर कसं उघडायचं याची माहिती, यात काहीच बिघडत नाही. उलट मागे जाऊन पुन्हा ऐकता येतं. हे सगळं व्हिडिओत किंवा वाचनात टाका. शंका, वाद, चुकीच्या कल्पना बाहेर काढणं, एखाद्याच्या उत्तरावर दुसऱ्याने बोट ठेवणं, याला माणसं एका वेळी हजर लागतात. थेट तास त्यासाठी राखून ठेवा.

ही वाटणी केली की बहुतेकांच्या लक्षात येतं की आठवड्याला तीन थेट तासांची गरजच नव्हती. एक नीट आखलेला तास, दोन-तीन छोटे व्हिडिओ आणि एक लेखी काम एवढ्यात भागतं. मात्र एक धोका आहे: एकट्याने करायच्या कामांचा ढीग नकळत वाढत जातो. व्हिडिओ, वाचन, क्विझ आणि चर्चा यांच्या मिनिटांची बेरीज खरोखर करून बघा. जुन्या वेळापत्रकात विषयाला जेवढा वेळ होता, त्याच्या वर जायचं नाही.

मग आठवड्याला एक ठरलेली चाल द्या. साहित्य नेहमी त्याच वारी दिसेल, क्विझ नेहमी त्याच वारी बंद होईल आणि सगळं एकाच पानावरून उघडेल. मूडल असो की गूगल क्लासरूम, एक जागा निवडा आणि तिलाच धरून राहा. सूचना मेलवर, लिंक ग्रुपवर आणि पीपीटी तिसरीकडे असं झालं की विद्यार्थ्याचा निम्मा दम शोधाशोधीत जातो.

पायरी २: व्हिडिओ छोटे आणि एका प्रश्नापुरते

एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचं विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो बघण्याचा मध्यक वेळ (सगळे वेळ क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) ६ मिनिटांच्या पुढे जात नव्हता. त्यावरून 'सहा मिनिटांचा नियम' पसरला. पण ते विद्यार्थी स्वेच्छेने आलेले होते, गुणांसाठी बसलेले नव्हते. तुमचा १० मिनिटांचा व्हिडिओ म्हणून लगेच वाया जाणार नाही. सहाचा आकडा पाळण्यापेक्षा एका व्हिडिओत एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, हा नियम जास्त कामाचा. व्हिडिओला नावही त्या प्रश्नाचंच द्या. 'युनिट २ भाग ३' या नावावरून परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला काही सापडत नाही.

स्लाइडवर लिहिलेलं वाक्य तसंच वाचून दाखवू नका. शिकण्याचे मानसशास्त्र अभ्यासणाऱ्या रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून पुढे आलेलं एक तत्त्व असं, की चित्र आणि आवाज यांच्या जोडीला तोच मजकूर पडद्यावरही आला तर शिकणं सोपं होण्याऐवजी जड होतं. डोळे आणि कान एकाच ओळीसाठी झगडतात. स्लाइडवर आकृती, आलेख किंवा गणिताची पायरी ठेवा आणि शब्द तोंडाने बोला.

चित्र थोडं धूसर असलं तर चालतं, आवाज खरखरीत असला तर बघणारा उठून जातो. साधा इअरफोनचा माइकही लॅपटॉपच्या माइकपेक्षा बरा. पडदे, गादी, कपडे असलेल्या खोलीत रेकॉर्ड केलं तर आवाज घुमत नाही. बोलताना अडखळलात तर वाक्य पुन्हा म्हणा आणि पुढे चला. एडिटिंगवर रात्री घालवण्यात अर्थ नाही. सबटायटल आपोआप तयार होत असतील तर निदान विषयातल्या संज्ञा तपासून घ्या, कारण यंत्र नेमकं तिथेच चुकतं.

डेटाचा हिशोबही डोक्यात असू द्या. सेकंदाला १ मेगाबिट वेगाचा व्हिडिओ तासाभरात साधारण ४५० एमबी खातो. ६४ किलोबिटचा नुसता आवाज तेवढ्याच वेळात २९ एमबीत बसतो. म्हणून प्रत्येक व्हिडिओसोबत ऑडिओ फाइल आणि स्लाइडची पीडीएफ टाका. मोबाइल डेटावर शिकणाऱ्या मुलासाठी हा फरक महिनाभरात बराच मोठा होतो.

पायरी ३: थेट तास, जवळून

समजा विषय संख्याशास्त्र आहे आणि आजचा मुद्दा सरासरी आणि मध्यक यांतला फरक. व्याख्या व्हिडिओत होऊन गेल्या आहेत. तास सुरू होताच हा प्रश्न पडद्यावर टाका:

नऊ जणांना एक काम करायला लागलेली मिनिटं अशी: ४०, ४२, ४५, ४७, ५०, ५२, ५५, ५८, ६१. सरासरी ५०, मध्यकही ५०. नंतर कळलं की शेवटच्या माणसाची नोंद चुकली होती, ६१ च्या जागी १५१ हवं. आता काय होईल?
अ) दोन्ही १० ने वाढतील. ब) सरासरी १० ने वाढेल, मध्यक तोच राहील. क) सरासरी तीच राहील, मध्यक वाढेल. ड) दोन्ही तेच राहतील.

इथे प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक गैरसमज उभा आहे. 'अ' निवडणाऱ्याला दोन्ही मापं एकसारखी वाटतात. 'क' निवडणाऱ्याच्या डोक्यात नावांची अदलाबदल झालेली आहे. 'ड' निवडणारा बहुधा 'एकाच माणसाने काय फरक पडतो' असं धरून चालला आहे. पर्याय असे रचले की पोलचा निकाल म्हणजे वर्गाचा एक्स-रेच. उगाच भरीला टाकलेले पर्याय काहीच सांगत नाहीत.

पहिला पोल घ्या, पण निकाल दाखवू नका. दाखवला की सगळे बहुमताकडे सरकतात. मग तिघातिघांच्या ब्रेकआउट रूम (मीटिंगमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्या) करा आणि चार-पाच मिनिटं द्या: शेजाऱ्याला तुमचं उत्तर पटवून द्या. परत आल्यावर तोच पोल पुन्हा घ्या, मग उत्तर उलगडा: बेरीज ४५० वरून ५४० झाली, भागिले ९ म्हणजे ६०, क्रमाने लावल्यावर मधला, पाचवा आकडा मात्र ५० च आहे. ही रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरायला सुरुवात केली. त्यांचा ठोकताळा असा: पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्के असतील तर चर्चेला पाठवा, त्याहून कमी असतील तर आधी मुद्दा पुन्हा समजावा, जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. एका प्रश्नाला बारा ते पंधरा मिनिटं जातात. तासात असे तीन प्रश्न झाले तरी पुष्कळ झालं.

ब्रेकआउट रूम फसतात त्या बहुतेक वेळा सूचनेमुळे. रूममध्ये गेल्यावर विद्यार्थ्याला सहसा तुमची स्लाइड दिसत नाही. म्हणून काम काय, कुणी लिहायचं, किती वेळ, हे रूम उघडण्याआधी सांगा आणि चॅटमध्येही पेस्ट करा. 'चर्चा करा' हे काम होत नाही. 'सामायिक डॉक्युमेंटमध्ये तुमच्या गटाच्या रकान्यात दोन कारणं लिहा' हे काम होतं. याचा आणखी फायदा असा की रूममध्ये डोकावत फिरण्याऐवजी तुम्ही एकाच जागी बसून सगळ्या गटांचं लिखाण वाढताना बघू शकता. कोरा रकाना दिसला तर फक्त त्या रूममध्ये जा. गट दर तासाला बदलू नका, चार-पाच आठवडे तेच ठेवा. अनोळखी माणसांशी पहिली दोन मिनिटं संकोचातच जातात.

आता शांततेबद्दल. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंदांच्या वर थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलतात. ऑनलाइनमध्ये आवाज पोहोचायला लागणारा वेळ, म्यूट काढण्याची धडपड आणि 'आपण दोघं एकदम बोललो तर' ही धास्ती यात जमा करा. आठ-दहा सेकंद गप्प बसायची सवय लावून घ्या. सुरुवातीला फार अवघड जातं. मनातल्या मनात आकडे मोजा, पाणी प्या, पण स्वतःच उत्तर देऊन टाकू नका. आणखी एक युक्ती: सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये टाइप करायचं, पण तुम्ही 'पाठवा' म्हणेपर्यंत एंटर दाबायचं नाही. मग उत्तरांचा लोट एकदम येतो आणि कुणाचं बघून कुणी लिहिलेलं नसतं.

कॅमेऱ्याची सक्ती करू नये असं मला वाटतं. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, स्वतःचा चेहरा सतत समोर असणं, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव पोहोचवण्याचे जास्तीचे कष्ट. कॉर्नेल विद्यापीठातल्या एका पाहणीत कॅमेरा बंद ठेवण्यामागे आपण कसे दिसतोय याची काळजी हे सगळ्यात जास्त सांगितलं गेलेलं कारण होतं. घरातली खोली इतरांना दिसू नये, इंटरनेट मंद आहे, हीही कारणं खरीच असतात. तुम्हाला हजेरीचा पुरावा हवा आहे, आणि तो पोल, चॅट, सामायिक डॉक्युमेंट यांतून चेहऱ्यापेक्षा चांगला मिळतो. गट छोटा असताना मात्र कॅमेरा लावायला सुचवा. तिथे तो खरंच उपयोगी पडतो.

पायरी ४: खोली आणि पडदा एकाच वेळी

इथे एक गोष्ट कायम घडते: खोली जिंकते. समोरच्या जिवंत माणसांकडे लक्ष जातं, त्यांचे विनोद, त्यांचे प्रश्न, आणि पडद्यावरचे विद्यार्थी वीस मिनिटांत प्रेक्षक होऊन जातात. कितीही ठरवलं तरी हे इच्छाशक्तीने थांबत नाही, त्यासाठी व्यवस्था लागते.

पहिली व्यवस्था आवाजाची. दूरच्या विद्यार्थ्याला तुमचा आवाज येतो, पण तिसऱ्या बाकावरून आलेला प्रश्न येत नाही. खोलीत फिरता माइक असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक प्रश्न उत्तराआधी तुमच्या तोंडून पुन्हा म्हणा, एकही न चुकता. खोलीतल्या कुणी त्याच मीटिंगमध्ये लॅपटॉप जोडला असेल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद हवेत. एक जरी सुरू राहिला तरी शिट्टी आणि घुमणारा आवाज सुरू होतो आणि दोष कुणाचा हे शोधण्यात पाच मिनिटं जातात.

दुसरी फळ्याची. भिंतीवरच्या फळ्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात चकाकी येते आणि अक्षर वाचता येत नाही. टॅब्लेटवर लिहा आणि तीच स्क्रीन प्रोजेक्टरवर आणि मीटिंगवर एकदमच दाखवा. टॅब्लेट नसेल तर मोबाइल स्टँडवर आडवा लावून खालच्या कागदावर लिहिलं तरी काम भागतं. शक्य असेल तर एक जुना लॅपटॉप विद्यार्थी म्हणून मीटिंगमध्ये जोडून टेबलावर ठेवा, तोही आवाज बंद करून. पलीकडे नेमकं काय दिसतंय हे कळण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

तिसरी माणसाची. प्रत्येक तासाला खोलीतला एक विद्यार्थी चॅट सांभाळेल. त्याला मध्येच हात वर करून "ऑनलाइनवरून प्रश्न आहे" असं म्हणायची पूर्ण मुभा द्या. काम आळीपाळीने फिरवा, नाहीतर त्या एकट्याचा अभ्यास बुडतो. शिवाय प्रश्न विचारल्यावर पहिली संधी पडद्याला द्यायची असा नियम करा. आवाजाला उशीर होत असल्याने दोघांना एकदम संधी दिली तर खोलीवालाच आधी बोलतो.

गटकामात ऑनलाइनवाल्यांचे गट ऑनलाइन आणि खोलीतल्यांचे खोलीत ठेवा. मिश्र गट ऐकायला आदर्श वाटतात, पण प्रत्येकाकडे हेडफोन नसतील तर खोलीत नुसता गोंगाट होतो. सगळे गट एकाच सामायिक डॉक्युमेंटमध्ये लिहीत असले की एकमेकांचं काम सगळ्यांना दिसतंच.

आणि बिघाडाची तयारी. लिंक दहा मिनिटांत पूर्ववत झाली नाही तर काय, हे पहिल्याच आठवड्यात लिहून जाहीर करा: अमुक पानावरचा व्हिडिओ बघा, अमुक प्रश्न सोडवा, हजेरी त्यावरून लागेल. मग त्या दिवशी खोलीतला तास विनाघोर चालू ठेवता येतो.

पायरी ५: दोन तासांच्या मधले दिवस

'मत लिहा आणि दोघांच्या मतावर प्रतिक्रिया द्या' हा चर्चेचा ठरीव साचा टाकून द्या. त्यातून 'तुझ्याशी सहमत आहे, छान मुद्दा' एवढंच येतं. चर्चा व्हायला लिहिणाऱ्यांकडे वेगवेगळी माहिती असावी लागते. एका गटाला एक माहितीसंच, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला त्यावरचा चुकीचा निष्कर्ष द्या आणि चूक कुठे आहे ते मिळून शोधायला सांगा. तुम्ही प्रत्येक नोंदीला उत्तर देत बसू नका. आठवड्याच्या शेवटी चर्चेतले दोन-तीन मुद्दे नावानिशी उचलून एक छोटी नोंद लिहा. आपलं लिहिलेलं वाचलं जातं हे कळलं की पुढच्या आठवड्याच्या नोंदी आपोआप सुधारतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गायब होऊ लागलेल्यांची यादी काढा. क्विझ न उघडणं ही सगळ्यात लवकर दिसणारी खूण आहे. सगळ्यांना मिळून ताकीद पाठवली तर ती नियमित येणाऱ्यांनाच लागते. व्यक्तिशः चार ओळी लिहा, साधारण अशा: "गेल्या दोन क्विझ उघडलेल्या दिसल्या नाहीत. वेळेची अडचण आहे, इंटरनेटची की विषयच जड जातोय? एका ओळीत कळवलंस तरी चालेल. या आठवड्याच्या क्विझपासून सुरुवात कर, मागचं नंतर बघू." यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. मागे पडलेला विद्यार्थी बाकी कामाच्या डोंगराकडे बघूनच हातपाय गाळतो.

पायरी ६: मूल्यमापन

छोट्या, कमी गुणांच्या क्विझ दर आठवड्याला घ्या. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याभरानंतर पान मिटून आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणजे क्विझ हा अभ्यासाचाच भाग आहे. दोन प्रयत्न द्या, गुण कमी ठेवा आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली तो का चुकतो ते एका ओळीत लिहा.

घरी लिहून आणायच्या निबंधावर मात्र आता पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून नीटनेटका मजकूर हा समजल्याचा पुरावा राहिलेला नाही. एआयने लिहिलेलं ओळखणारी साधनं प्रामाणिक विद्यार्थ्यालाही दोषी ठरवतात, त्यामुळे नुसत्या त्यांच्या आधारावर कुणावर कारवाई करू नका. त्याऐवजी कामाचे टप्पे मागा: आराखडा, पहिला मसुदा, काय बदललं आणि का याच्या पाच ओळी. शेवटी पाच मिनिटांची तोंडी चाचणी घ्या. ६० विद्यार्थी म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास. हे जास्त वाटलं तर दर असाइनमेंटला पंधरा जण घ्या, चार असाइनमेंटमध्ये सगळे होतात. कोणाची पाळी कधी हे आधी सांगायचं नाही.

प्रश्नही बदला. 'मध्यकाची व्याख्या द्या' हे पुस्तक उघडून कुणीही लिहील. 'वरच्या नऊ आकड्यांत एक दहावा आकडा असा घाला की सरासरी बदलेल पण मध्यक बदलणार नाही. तुझा आकडा का चालतो ते सांग' यात डोकं लावावं लागतं. आकडे क्रमाने लावल्यावर आता पाचव्या आणि सहाव्याची सरासरी घ्यायची, हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्याला कळलं त्याच्या लक्षात येतं की मूळ यादीत असा आकडा सापडतच नाही: मध्यक ५० च ठेवायचा तर दहावा आकडाही ५० च हवा, आणि मग सरासरीही हलत नाही. 'अशक्य आहे' हे उत्तर कारणासकट लिहिणारा विद्यार्थी विषय शिकलेला आहे.

चौथ्या आठवड्यात

सत्र संपल्यावर भरून घेतलेल्या फीडबॅकचा त्या वर्गाला काही उपयोग नसतो. चौथ्या आठवड्यात नाव न घेता तीन प्रश्न विचारा: काय चालू ठेवावं, काय बंद करावं, आठवड्याला या विषयाला किती तास जातात. तिसऱ्याची उत्तरं बहुधा तुम्हाला चकित करतील. पुढच्या तासाची पहिली पाच मिनिटं त्यावर द्या: अमुक एक गोष्ट बदलतोय, अमुक एक बदलणार नाही आणि का ते हे. रेकॉर्डिंगचा विषय निघाला तर तेही तेव्हाच स्पष्ट करा: काय रेकॉर्ड होतं, कोण बघू शकतं, किती दिवसांनी काढून टाकलं जातं. चर्चेचा भाग रेकॉर्ड होत नाही एवढं नुसतं सांगितलं तरी पुष्कळ जणांचं तोंड उघडतं.